रक्तातील एका अक्षराचे वजन

सिकलसेलचा दोष विदर्भातील आदिवासींत तसाच आपल्या समाजातही आढळतो. मध्य भारतातील या दोषावर शुक्ला व सोळंकी यांचा निबंध १९५८ सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. जालना जिल्ह्यातील आपल्या कितीतरी घरांच्या सोयरिकी बुलढाणा, अकोल्याकडे होतात. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

मूळ दोष अगदी लहान आहे. जनुक म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेली लांब ओळ. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका ठिकाणी 'जीएजी' ऐवजी 'जीटीजी' होते. आई व वडील दोघांकडूनही असे जनुक आले, तर मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अंग ठणकते, रक्त कमी होते. एकाकडूनच आले तर मूल केवळ वाहक. तो रुग्ण नव्हे, हे लग्न जुळविताना मोडता घालणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. वाहकाने वाहकाशी लग्न केल्यास मात्र प्रत्येक खेपेला मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के असते.

हे अक्षर डोळ्यांना दिसत नाही, पण तोलता येते. हायड्रोजनच्या अणूचे वजन एक धरले, तर साखळीतला ए सुमारे ३१३ व टी ३०४ भरतो. आम्ही बँकेतली माणसे. नाण्यांची थैली तोलून रक्कम ताडण्याचा प्रकार आम्हाला ठाऊक आहे. मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र तेच करते. रक्तातील जनुकाच्या नेमक्या तुकड्याच्या आधी असंख्य प्रती काढतात, मग त्यावर लेसरचा झोत टाकून निर्वात नळीतून पळवितात. हलका तुकडा आधी पोहोचतो, जड मागून. वाहकाच्या नमुन्यात दोन्ही वजने सापडतात. मोठे रेणू न मोडता असे उडविण्याच्या युक्तीबद्दल जपानचे अभियंते कोइची तानाका यांना २००२ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

यंत्र महाग आहे, आणि प्रत्येकाला त्याची गरजही नाही. प्राथमिक तपासणीला साधी सोल्युबिलिटी चाचणी पुरते. दोष दिसल्यास इलेक्ट्रोफोरेसिसने वाहक की रुग्ण ते ठरते. नवजात बाळाच्या बाबतीत मात्र ही साधी चाचणी फसते, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच जास्त असते. तेथे टाचेतील रक्ताचा कागदावर वाळविलेला थेंब याच यंत्रात तपासता येतो. त्या वेळी जनुक नव्हे, हिमोग्लोबिनची साखळीच तोलतात. दोष असलेली साखळी ३० ने हलकी भरते.