विदूषकाने बाजू बदलली तेव्हा

एखादे पात्र कथानक पुढे नेत नाही. पण ते रंगमंचावर उभे राहिले एवढ्यानेच नाटकाची जात बदलते. मराठीतले याचे पहिले ठळक उदाहरण म्हणजे जोतीराव फुले यांनी १८५५ साली पुण्यात लिहिलेल्या 'तृतीय रत्न' नाटकातला विदूषक होय, असे मी मानतो.

संस्कृत नाटकातला विदूषक आपल्या परिचयाचा आहे. 'शाकुंतला'तला माधव्य घ्या. जातीने ब्राह्मण, राजाचा मित्र, खाण्याचा लोभी. तो हसवतो, पण त्या हशाने सिंहासनाचा खिळाही ढिला होत नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले, त्यातही विदूषक होता. त्याच्या वाट्याला सूत्रधाराशी थट्टामस्करी आली.

फुल्यांनी हाच विदूषक उचलला आणि कुणब्याच्या बाजूने उभा केला. कथानक साधे आहे. एक जोशी कुणब्याच्या घरी येतो. कुणब्याची बायको गरोदर असते. पोटातल्या मुलाला ग्रहांची पीडा आहे, अशी भीती जोशी तिला घालतो आणि अनुष्ठान, ब्राह्मणभोजन यांच्या खर्चात त्या नवराबायकोला पाडतो. आता यातून विदूषक काढून पाहा. काय उरते? एका भोळ्या शेतकऱ्याची फजिती. प्रेक्षक त्याला हसेल, फार तर त्याची कीव करील. हसण्यातही जोशी सुटतो आणि कीव करण्यातही सुटतो.

विदूषक त्याला सुटू देत नाही. जोशी गोड बोलला, की त्या बोलण्यामागचा पोटाचा हिशेब तो प्रेक्षकांपुढे उघडा करतो. हशा कुणब्यावरून उठतो आणि जोशाच्या अंगावर जातो. प्रहसनाची सुनावणी होते. प्रेक्षकाला पंच होऊन बसावे लागते. पुढे पाद्री येतो, धर्मावर वाद होतो. इथे नाटकाचे कोरडे प्रवचन व्हायचे. विदूषकाची तिखट जीभ ते होऊ देत नाही. शेवटी ते जोडपे फुल्यांच्या रात्रशाळेत शिकायला जायचे ठरवते. १८५५ मध्येच जोतीराव-सावित्रीबाईंनी अशी शाळा खरोखर सुरू केली होती.

दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारले. ते छापले गेले १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक'मधून. म्हणजे १२४ वर्षे हा विदूषक मराठी वाचकापासून दूर राहिला. नुसती भोळ्या शेतकऱ्याची कहाणी असती तर कमिटीला ती बोधप्रद वाटली असती. बोचला तो जाब विचारणारा, असे मला वाटते.

शिक्षकांनी व कार्यकर्त्यांनी हे नाटक वाचताना, बसवताना एवढे ध्यानात ठेवावे. वेळ कमी आहे म्हणून विदूषकाची भाषणे कापू नयेत. ती कापली की शोषिताची केवळ करुण कहाणी उरते, आणि करुण कहाणी ऐकून डोळे पुसणे व्यवस्थेला मुळीच जड जात नाही. आपल्या लेखनालाही हाच प्रश्न लागू आहे: दुःख मांडले, ठीक, पण हिशेब मागणारा कोण आहे?