झाटोपेकचा फसवा चेहरा

एमिल झाटोपेकचं धावतानाचं कुठलंही छायाचित्र घ्या. मान एका खांद्याकडे कललेली, डोळे अर्धवट मिटलेले, तोंड वेडंवाकडं. पाहणाऱ्याला वाटावं, हा आता कोसळणार. असा हा माणूस 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आठ दिवसांत तीन सुवर्णपदकं घेऊन गेला: 20 जुलैला 10,000 मीटर, 24ला 5,000 मीटर आणि 27ला मॅरेथॉन. एकाच ऑलिंपिकमध्ये या तिन्ही शर्यती जिंकणं त्याच्याआधी कुणाला जमलं नव्हतं आणि नंतरही जमलेलं नाही. (आपल्याकडे ते ऑलिंपिक खाशाबा जाधवांच्या कांस्यपदकाने ओळखलं जातं. ते पदक 23 जुलैचं, म्हणजे झाटोपेकच्या 5,000 मीटरच्या आदल्या दिवसाचं.) जगाने त्या चेहऱ्यावरून त्याची गोष्ट रचली: वेदना सोसण्याच्या ताकदीवर जिंकलेला माणूस. ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण त्याच्या कारकिर्दीशी ती जुळत नाही. कष्ट त्याने अफाट उपसले हे खरंच. मात्र कुठले कष्ट उपसायचे आणि कुठले टाळायचे, याचा विचार त्याने आधी केला होता.

झाटोपेकचा जन्म 1922चा, चेकोस्लोव्हाकियाच्या मोराविया भागातल्या एका सुताराच्या घरचा. कोवळ्या वयातच तो झ्लिन गावी बाटाच्या चपला-बुटांच्या कारखान्यात लागला आणि 1941मध्ये तिथेच, स्वतःच्या इच्छेविरुद्ध, पहिली शर्यत धावला. त्या काळचे लांब पल्ल्याचे धावपटू सरावात संथ लयीत मैलामागून मैल काटत. झाटोपेकचा प्रश्न अगदी साधा होता: शर्यतीत वेगाने धावायचं, तर मग सराव संथ धावण्याचा का करायचा? 1948च्या लंडन ऑलिंपिकच्या सुमाराचा त्याचा सराव सांगितला जातो तो असा: 200 मीटर पाच वेळा, 400 मीटर वीस वेळा, पुन्हा 200 मीटर पाच वेळा, आणि प्रत्येक दौडीनंतर थोडं हळूहळू पळणं. बेरीज करून पाहा. वेगाने कापलेलं अंतर बरोबर 10 किलोमीटर भरतं. म्हणजे शर्यतीचं सबंध अंतर तो तुकड्यांत मोडून, वेग न सोडता, रोज पुरं करत होता. नुसत्या सोशिकपणातून असला आराखडा सुचत नाही. फळही हिशेबानेच आलं. विल्यो हैनोचा 10,000 मीटरचा विक्रम 29 मिनिटं 35.4 सेकंदांचा होता; 1949 ते 1954 या काळात झाटोपेकने या अंतराचा विश्वविक्रम पाच वेळा मोडला आणि तो 28 मिनिटं 54.2 सेकंदांवर आणून ठेवला. 29 मिनिटांच्या आत हे अंतर कापणारा तो पहिला.

यावर कुणी म्हणेल, तुकड्यांचा सराव हा काही झाटोपेकचा शोध नव्हे. मान्य. जर्मनीत वोल्डेमार गेर्श्लरने रुडॉल्फ हार्बिगकडून तो युद्धाच्या आधीच करून घेतला होता. पण हार्बिग 400 आणि 800 मीटरचा धावपटू. तीच रीत दहा किलोमीटरच्या माणसाला इतक्या मोठ्या प्रमाणात लावून पाहणं, आणि तेही प्रशिक्षकाविना स्वतःच्याच अंगावर, हे धाडस झाटोपेकचं. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. युद्धाने मैदान मोकळं केलं होतं, आणि गुंडर हेग व आर्ने अँडरसन या स्वीडिश जोडीवर पैसे घेतल्याबद्दल 1946मध्ये कायमची बंदी आली होती. मग झाटोपेकसमोर उरलं कोण? पण हेगचं घड्याळ तर उरलं होतं. 5,000 मीटरचा त्याचा 13 मिनिटं 58.2 सेकंदांचा विक्रम बारा वर्षं उभा होता. 1954मध्ये झाटोपेकने तो एका सेकंदाने मोडला.

मॅरेथॉनचं काय, तो तर निव्वळ जुगार होता, असंही म्हटलं जातं. हेलसिंकीची ती त्याची आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन. पण जुगारी माणूस आरंभापासून सुसाट सुटला असता. झाटोपेकने जगातली सर्वांत वेगवान वेळ सहाच आठवड्यांपूर्वी नोंदवणाऱ्या ब्रिटनच्या जिम पीटर्सची सोबत धरली आणि वाटेत त्यालाच विचारलं, हा वेग ठीक आहे ना. नेमके शब्द काय होते, यावर प्रत्येक सांगणाऱ्याचं वेगळं मत. पण अंतर अनोळखी असेल तर जाणत्याच्या पावलाने चालावं, ही अक्कल त्यात स्पष्ट दिसते. पीटर्सने शर्यत अर्ध्यात सोडली. झाटोपेक 2 तास 23 मिनिटं 3.2 सेकंदांत पोहोचला, दुसऱ्या आलेल्या गोर्नोच्या अडीच मिनिटांहून अधिक पुढे. उलट, 1948मध्ये त्याचा हिशेब चुकला तेव्हा सोसण्याची ताकद त्याला वाचवू शकली नव्हती: लंडनच्या 5,000 मीटरमध्ये त्याने गॅस्टन रीफला फार पुढे जाऊ दिलं, शेवटच्या फेरीत जिवाच्या आकांताने अंतर तोडलं, आणि 0.2 सेकंदाने सुवर्ण गमावलं.

चेहऱ्याच्या गोष्टीची खरी अडचण होते ती पुढच्या आयुष्यात. 1968मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा त्याने उघड विरोध केला. कम्युनिस्ट पक्षाने आणि सैन्याने त्याला काढून टाकलं, आणि काही वर्षं तो प्रागपासून दूर, जमिनीत भोकं पाडणाऱ्या पथकांबरोबर राबला. त्याने आपलं म्हणणं मागे घेणाऱ्या निवेदनावर सहीही केली. ज्यांनी त्याला वेदनेचा महामेरू करून ठेवलं होतं, त्यांना ही सही बोचली. अनेक जुन्या मित्रांनाही. ती सही कौतुकाची नाहीच. पण मरेपर्यंत सोसत राहण्याचं वचन त्याने धावपट्टीवरही कधी दिलं नव्हतं. ते आपणच त्याच्या चेहऱ्यावर वाचलं होतं.

हिशेबी माणूस हात आखडता घेणारा असतो, असंही नाही. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क विश्वविक्रमांचा धनी, पण ऑलिंपिक सुवर्णाविना राहिलेला. 1966मध्ये तो प्रागहून निघताना झाटोपेकने विमानतळावर त्याच्या हातात एक लहानसं पुडकं ठेवलं. क्लार्कने ते देश सोडल्यावर उघडलं. आत हेलसिंकीच्या 10,000 मीटरचं सुवर्णपदक होतं.