संतमसावरचा वाढदिवस

देवणीतल्या लेकरांना गोठ्यातली गुरं ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. सगळा पांढरा तो बालंक्या, अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा, तोंडावर काळी झाक तो वानेरा. खूण बघायची, नाव लावायचं. दूरच्या ग्रहांशी ओळखही अशीच नावापासून सुरू करावी.

2019 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने देशोदेशींच्या लोकांना एकेक तारा आणि त्याचा ग्रह नाव ठेवायला दिला. भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याचं नाव ‘बिभा’ ठरलं, विश्वकिरणांच्या अभ्यासक बिभा चौधुरी यांच्यावरून. ग्रह झाला ‘संतमस’, म्हणजे झाकोळलेला. हे नाव पुण्यातल्या 13 वर्षांच्या शाळकरी मुलाने सुचवलं होतं. लेकरांना हे आवर्जून सांगा, त्यांचे डोळे चमकतात.

संतमस गुरूच्या दीडपट वजनाचा आहे, आणि ताऱ्याला अगदी खेटून फिरतो. पृथ्वी सूर्यापासून जितकी लांब, त्याच्या जेमतेम तिसाव्या हिश्शावर. त्यामुळे त्याचं वर्ष दोन दिवस आणि सुमारे तीन तासांतच संपतं. सहा वर्षांच्या मुलीचे तिथल्या हिशोबाने हजारावर वाढदिवस होऊन गेले असते! पण तिथे उभं राहायला जमीन नाही, आणि उष्णता भट्टीसारखी.

‘मग तो पाहिला कुणी?’ लेकरू विचारणारच. कुणीच नाही. पुस्तकांतली चित्रं चित्रकारांनी काढलेली असतात, हे लपवू नये. मग तो आहे हे कळलं कसं? इथे खळ्यातला तिवडा आणि त्याभोवती फिरणारे बैल सांगण्याचा मोह होतो. पण तिवडा जागचा हलत नाही. फुगडी बरी. आई चिमुकलीबरोबर फुगडी घालते तेव्हा लेक मोठा फेर घेते, पण आईही थोडी हलतेच. अंधारात लेक दिसली नाही, तरी आईच्या हलण्यावरून कळतं की तिचे हात कुणीतरी धरलेत. बिभा अशीच हलते. ती आपल्याकडे सरकते तेव्हा तिचा उजेड किंचित निळसर बाजूला झुकतो, मागे जाते तेव्हा तांबूस बाजूला. हा फरक यंत्रांनी टिपला आणि 2006 मध्ये ग्रह सापडला.

चैत्रात रात्री मघा डोक्यावर येते. तिच्या दक्षिणेला बोट दाखवा. बिभा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, लहान दुर्बिणीतून दिसते. तिचा आज पोचणारा उजेड निघाला साधारण 340 वर्षांपूर्वी, रायगडावर छत्रपती संभाजी महाराजांचं राज्य होतं तेव्हा.