मुक्तांगण: माणसाबरोबर घराचाही उपचार

पुण्यातल्या येरवड्याचं ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं, ते गर्दमुळे. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, हेरॉइनचा भेसळीचा आणि त्यामानाने स्वस्त प्रकार. ऐंशीच्या दशकात ही पूड मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत पोचली. चांदीच्या कागदावर चिमूटभर पूड घ्यायची, खालून काडी ओढायची आणि निघालेला धूर नळीने आत घ्यायचा. ओढणारे बहुतेक विशी-पंचविशीतले तरुण. थोड्याच दिवसांत शरीर मागणी करू लागे आणि पुडी मिळाली नाही तर ‘टर्की’ लागे: अंग ठणकणं, उलट्या, जुलाब, नाकाडोळ्यांतून पाणी, रात्ररात्र झोप नाही. अमली पदार्थांविरुद्धचा केंद्राचा कडक कायदा १९८५चा. पण आधीच अडकलेल्या मुलाला घेऊन आईबापांनी जायचं कुठे, हा प्रश्न त्याने सुटला नव्हता.

पत्रकार-लेखक डॉ. अनिल अवचट यांनी या मुलांमध्ये वावरून गर्दवर लेख लिहिले. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी उपचार केंद्रासाठी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात जागा मिळाली आणि काम सुरू झालं. मुक्तांगणचं नाव निघालं की अनिल अवचटांची आठवण आधी येते, लेखक म्हणून ते घरोघरी पोचले होते म्हणून. पण केंद्राची घडी बसवली ती अनिताबाईंनी. १९९७ मध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं. पुढे त्यांची मुलगी, मानसशास्त्राच्या अभ्यासक मुक्ता पुणतांबेकर यांनी काम सांभाळलं. आज केंद्र आळंदी रस्त्यावर स्वतःच्या इमारतीत आहे. गर्दपेक्षा दारूचे रुग्ण केव्हाच जास्त झाले, आणि गांजा, गोळ्या, अगदी मोबाइलच्या अतिवापराच्या तक्रारीही दारात येऊ लागल्या.

इथला मुक्काम साधारण पस्तीस दिवसांचा. पहिले काही दिवस शरीरातलं विष उतरवण्याचे. जुन्या दारुड्याची दारू घरच्या घरी एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं: हात थरथरतात, फिट येते, दोन-तीन दिवसांनी भास होऊ लागतात. म्हणून हा टप्पा डॉक्टरांच्या नजरेखालीच पार पाडावा लागतो. त्यानंतरचं काम जास्त किचकट. सकाळी प्राणायाम, मग गटचर्चा, समुपदेशन, वाट्याला आलेली कामं, संगीत, खेळ. दाखल झालेल्या माणसाला इथे ‘रुग्णमित्र’ म्हणतात. मारहाण करून, साखळीने बांधून दारू सोडवल्याचा दावा करणारी ठिकाणं आपल्याकडे होती आणि आहेत. त्या पार्श्वभूमीवर हा पायंडा महत्त्वाचा. समुपदेशकांत आणि कार्यकर्त्यांत व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण असतात. नव्या रुग्णाच्या सबबी त्यांच्यापुढे टिकत नाहीत. त्या सगळ्या त्यांनीही कधीतरी वापरलेल्या असतात.

पण पस्तीस दिवसांनी माणूस परत जातो तो त्याच घरात, आणि घरही तोवर आजारी पडलेलं असतं. नवरा उठण्याच्या स्थितीत नाही म्हणून बायको ‘त्यांना ताप आहे’ असं साहेबांना फोनवर सांगते. आई गुत्त्याची उधारी गुपचूप फेडते. मोठी मुलगी वयाच्या दहाव्या वर्षी धाकट्या भावाला सांभाळू लागते आणि बापाच्या चपलेच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार ते ओळखते. हे सगळं प्रेमापोटी, अब्रूपोटी होतं. परिणाम मात्र असा की व्यसनाची किंमत व्यसनी माणूस सोडून बाकी सगळे मोजतात. त्याला थांबण्याचं कारणच उरत नाही. मानसशास्त्रात याला सहावलंबन म्हणतात. घरच्यांनाही आधार लागतो, हे बाहेर आधीच ओळखलं गेलं होतं. अमेरिकेत १९३५ साली दारू सोडू पाहणाऱ्यांचा अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस हा गट सुरू झाला, आणि सदस्यांच्या बायकांना आपला वेगळा गट हवा हे लक्षात येऊन १९५१ मध्ये घरच्यांसाठीचं अल-अॅनॉन उभं राहिलं.

मुक्तांगणमध्ये हे काम ‘सहचरी’ या पत्नींच्या गटातून चालतं. बाई पहिल्यांदा येते तेव्हा बहुधा एकच विचारते: यांची दारू कधी सुटेल? गटात तिला हळूहळू कळतं की नवऱ्याची दारू तिच्यामुळे सुरू झालेली नाही आणि तिच्या रडण्याने ती थांबणारही नाही. उधारी फेडायची नाही, खोटं बोलायचं नाही, धमकी द्यायची तर ती पाळता येईल एवढीच द्यायची. स्वतःच्या झोपेकडे, मिळकतीकडे, मुलांच्या शाळेकडे बघायचं. हे ऐकायला कोरडं वाटतं, आणि कित्येक सासवांना ते सुनेने हात झटकल्यासारखंही वाटतं. म्हणूनच आईवडिलांशी बोलणंही तितकंच गरजेचं असतं.

स्त्रियांच्या व्यसनाची गोष्ट आणखी अवघड. पुरुष दाखल होतो तेव्हा बायको सोबत येते. बाई दाखल होते तेव्हा सोबत कोणी येईलच असं नाही. लाजेपायी घरचे तिला आधी लपवतात, मग टाकून देतात. २००९ मध्ये मुक्तांगणने ‘निशिगंध’ हा स्त्रियांसाठीचा स्वतंत्र विभाग सुरू केला.

केंद्रातून घरी गेल्यावर पाठपुरावा सुरू होतो. मधुमेह किंवा रक्तदाबासारखंच व्यसनही पुन्हा डोकं वर काढतं, आणि अशी घसरण, म्हणजे ‘स्लिप’, अनेकांच्या वाट्याला येते. घरच्यांना ती फसवणूक वाटते. उपचारांच्या दृष्टीने मात्र ती आजाराचाच भाग असते आणि जितक्या लवकर माणूस परत येईल तितकं बरं. बैठकांना येत राहणं, पगार काही काळ बायकोच्या हाती देणं, जुन्या अड्ड्याचा रस्ता टाळणं, असे साधे उपाय इथे उपयोगी पडतात. व्यसनमुक्तीचं वर्ष पूर्ण केलेल्यांचा वाढदिवस साजरा होतो, तेव्हा बायकामुलांनाही मंचावर बोलावतात.

अशी केंद्रं गरजेच्या मानाने फार कमी आहेत. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यातल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळाला होता. केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क हेल्पलाइन जवळच्या केंद्राची माहिती देते, आणि तिथे फोन करायला घरातलं कोणीही चालतं.