ऋतुपालट आणि थेरगाथा

निसर्गाच्या सौंदर्यात रमणे धम्माशी विसंगत आहे, असा समज आपल्यापैकी काही उपासकांत आढळतो. सर्व संस्कार अनित्य असतील, तर पळसाच्या फुलोऱ्यात मन गुंतविणे ही आसक्तीच नव्हे काय, असे ते विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु पालि वाङ्मयाचे उत्तर निराळे आहे.

संस्कृत काव्याने सहा ऋतू मानले आणि शाळेत आपणही तेच पाठ केले. विनयात मात्र हेमन्त, गिम्ह व वस्स असे चार-चार महिन्यांचे तीनच ऋतू आहेत. भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरी परिसरात, म्हणजे चुलबंद-वैनगंगेच्या धानपट्ट्यात, शेतकरी आणि मजूरही तीनच ऋतू जाणतात. या बाबतीत विनय कवींपेक्षा शेतकऱ्यांच्या जवळचा आहे, असे आम्हांस वाटते.

पावसाळ्यात येथील बांध्या तुडुंब भरतात. पऱ्हे उपटून रोवणी सुरू होते आणि चिखलणीच्या मागोमाग पांढरे बगळे उतरतात. थेरगाथेत सप्पक थेरांनी अजकरणी नदीकाठी असेच काही पाहिले आहे : काळ्या मेघाला भिऊन आसरा शोधणारे शुभ्र बगळे. अशा वेळी ती नदी आपल्या मनाला रमविते, असे ते निःसंकोच सांगतात. आणि संघाने ती गाथा जतन केली. सौंदर्य पाहणे दोषास्पद असते, तर ती वगळली गेली असती.

हिवाळ्याची खूण धान कापण्यापूर्वीच पेरली जाते. बांधीत ओल असतानाच उभ्या धानात लाखोरी, जवस फेकतात. धान कापले गेले की त्याच ओलीवर ती वाढतात आणि पुढे जवसाची निळी फुले डोलू लागतात. फाल्गुनात पळस पाने टाकून पेटतो. पाठोपाठ मोह गळू लागतो आणि पहाटेच टोपल्या घेऊन बाया झाडाखाली जातात.

याच फाल्गुनाचे वर्णन काळुदायी थेरांनी केले आहे. शुद्धोदनाने त्यांना तथागतांकडे पाठविले होते. तथागतांनी कपिलवस्तूस यावे म्हणून त्यांनी प्रवासास योग्य असा ऋतू निवडला आणि जुनी पाने टाकून निखाऱ्यांप्रमाणे लाल झालेल्या, फळांच्या वाटेवर असलेल्या वृक्षांकडे लक्ष वेधले. येथे अनित्यता ही केवळ हानी नाही. पान गळते म्हणून फळाला जागा होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात बाबासाहेबांनी शून्यतेचा अर्थ याच दिशेने लावला आहे : वस्तू अनित्य आहेत म्हणूनच इतर सर्व काही शक्य होते.

याहून कठीण आक्षेप दुसराच आहे. धुऱ्यावर उभा असलेल्याला रोवणी रम्य दिसते; दिवसभर गुडघाभर चिखलात वाकलेल्या मजूर स्त्रीला तिच्यात काय दिसणार? हा आक्षेप टाळून ऋतुवर्णने लिहिणे आम्हांस अप्रामाणिक वाटते. त्याच ग्रंथात कुमार सिद्धार्थ पित्याच्या शेतावर जातो, तेव्हा त्याच्या नजरेत भरतात ते रणरणत्या उन्हात, अपुऱ्या वस्त्रांत राबणारे मजूर. एकाने राबावे आणि फळ दुसऱ्याने खावे, हे त्याला अस्वस्थ करते. काळुदायींची गाथाही वृक्षांपाशी थांबत नाही. ती लगेच आशेने नांगरणाऱ्या, आशेने बी पेरणाऱ्या शेतकऱ्याकडे वळते. कष्टकऱ्याला वगळून केलेला सौंदर्याचा विचार या परंपरेत बसत नाही.

वर्षावासाचा नियमही शिवारातूनच आला. पावसाळ्यात भिक्खू हिरवे अंकुर आणि बारीक जीव तुडवीत फिरतात, पक्षीसुद्धा या दिवसांत घरट्यात राहतात, अशी तक्रार लोकांनी केली. तथागतांनी ती मान्य करून आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने एके ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. याच जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपांचे अवशेष मिळाले. तेथील भिक्खूंनीही अशाच धानशेतीच्या शेजारी पावसाळे काढले असावेत, असे मानणे वावगे ठरू नये.

वर्षावास संपतो तो आश्विन पौर्णिमेच्या पवारणेने. त्यानंतरच्या महिन्यात कठिन चीवरदान होते. दिघोरीकडे त्याच सुमारास हलके धान कापणीला येते, भारी धानाला अजून अवकाश असतो.