‘इनफ्लेमेबल’ म्हणजे पेट घेणारे की न घेणारे?

भारतातील रस्त्यांवरून धावणाऱ्या इंधनाच्या अनेक टँकरवर ‘हायली इनफ्लेमेबल’ हे इंग्रजी शब्द ठळक अक्षरांत रंगवलेले असतात. ‘इनकरेक्ट’ म्हणजे चुकीचे आणि ‘इनव्हिजिबल’ म्हणजे अदृश्य, हे ठाऊक असलेला वाचक त्याच न्यायाने ‘इनफ्लेमेबल’चा अर्थ ‘न पेटणारे’ असा लावू शकतो. प्रत्यक्षात तो नेमका उलट, म्हणजे ‘ज्वालाग्राही’ असा आहे.

या गोंधळाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. तेथे ‘इन’ हे रूप असलेले दोन स्वतंत्र उपसर्ग होते. पहिला नकारदर्शक असून तो संस्कृतातील ‘अ’ किंवा ‘अन्’ यांचा सगोत्र मानला जातो; ‘इनव्हॅल्युएबल’ आणि ‘अमूल्य’ या शब्दांची घडण म्हणूनच इतकी सारखी भासते. दुसऱ्याचा अर्थ ‘आत’ किंवा ‘मध्ये’ असा होता. ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणे, त्यावरून आत आणणे ते ‘इम्पोर्ट’. येथे ‘न’चा ‘म’ झाला, हा मराठी वाचकाला परिचित असलेल्या संधीचाच प्रकार. ‘उत्’ आणि ‘लेख’ मिळून ‘उल्लेख’ होतो, तसाच ‘इन’ आणि ‘लीगल’ यांचा ‘इललीगल’ होतो.

‘इनफ्लेमेबल’मधील ‘इन’ हा दुसऱ्या प्रकारचा आहे. ‘फ्लाम्मा’ म्हणजे ज्वाला आणि ‘इन्फ्लाम्मारे’ म्हणजे पेटवणे. शरीरातील ‘इन्फ्लमेशन’ हा शब्दही त्याच धातूचा. मराठी वैद्यकीय परिभाषेने त्याला ‘दाह’ म्हटले, तेही जळण्यावरूनच.

पाटीवरील शब्दाचा असा गैरसमज जिवावर बेतू शकतो. अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकात ‘इनफ्लेमेबल’ऐवजी ‘फ्लेमेबल’ वापरण्याचा आग्रह धरला. हा शब्द नवा नव्हता. १८१३ मध्ये तो इंग्रजीत आढळतो, पण फारसा रुळलेला नव्हता. ब्रिटनच्या मानक संस्थेनेही १९५९ मध्ये हेच धोरण स्वीकारले. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या वर्गीकरणात तिसरा वर्ग आज ‘फ्लेमेबल लिक्विड्स’ याच नावाने ओळखला जातो. त्याच्या लाल चौकोनावर ज्वालेचे चित्र असते, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही धोका कळतो.

जुना शब्द मात्र पुरता हटलेला नाही. रंगाच्या डब्यावर किंवा फवारणीच्या बाटलीवर ‘फ्लेमेबल’ असो वा ‘इनफ्लेमेबल’, वस्तू आगीपासून दूरच ठेवावी लागते. न पेटणाऱ्या वस्तूसाठी इंग्रजीत ‘नॉनफ्लेमेबल’ असा निराळा शब्द आहे.