घरगुती संगणक-जाळ्यासाठी द्रुतगती स्विचची निवड

घरातील दोनचार संगणक, सामायिक साठवणीचे यंत्र व राउटर ह्यांना एकत्र जोडणारा स्विच दिसण्यात क्षुल्लक असतो. तथापि संशोधनाची आधारसामग्री घरी बाळगणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्याची निवड क्षुल्लक नाही. सुरक्षिततेसाठी दुसरी प्रत घेण्याचे काम जितके वेळखाऊ, तितके ते लांबणीवर पडते. आणि प्रत नसलेली सामग्री डिस्क बिघडताच कायमची नाहीशी होते. बाजारात मात्र हा प्रश्न 'मोठा आकडा म्हणजे मोठा वेग' इतका सोपा करून मांडला जातो. हा समज कितपत ग्राह्य आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ ह्यांनी ईथरनेटची कल्पना मांडली, तेव्हा सर्व यंत्रे एकाच तारेवर बोलत असत. एक बोलत असता इतरांना थांबावे लागे. १९९० मध्ये अमेरिकेतील 'कल्पना' नावाच्या कंपनीने ईथरनेटचा पहिला स्विच विक्रीस आणला आणि ही अडचण दूर होऊ लागली. स्विच प्रत्येक फ्रेमवरील पत्ता वाचून ती नेमक्या पोर्टकडे पाठवितो. त्यामुळे यंत्रांच्या अनेक जोड्यांचे व्यवहार एकाच वेळी, परस्परांस अडथळा न होता चालतात.

खोक्यावरील आकड्यांचा अर्थ ह्या कार्यपद्धतीवरूनच लावावा लागतो. एक गिगाबिटच्या आठ पोर्टांच्या स्विचवर '१६ गिगाबिट' असा आकडा आढळतो. आठ पोर्टांच्या वेगांची बेरीज करून ती येण्याच्या व जाण्याच्या अशा दोन दिशांसाठी दुप्पट केली, एवढाच त्याचा अर्थ. ६४ बाइटांच्या सर्वांत लहान फ्रेमा गृहीत धरल्यास एका पोर्टावरून सेकंदास सुमारे १४ लाख ८८ हजार, म्हणजे आठ पोर्टांवरून सुमारे १ कोटी १९ लाख फ्रेमा जाऊ शकतात. एवढी क्षमता असली की स्विच स्वतः कोणासही अडवीत नाही. तीहून मोठ्या आकड्याने पदरी काही पडत नाही. विलंबाचीही गोष्ट अशीच आहे. १५१८ बाइटांची फ्रेम पूर्ण स्वीकारून पुढे पाठविण्यास एक गिगाबिट वेगाला सुमारे १२ मायक्रोसेकंद लागतात. इंटरनेटवरील विलंब सहस्रांश सेकंदांत मोजला जातो. त्याच्या तुलनेत हा काळ नगण्य होय.

खरा प्रश्न संपूर्ण मार्गाचा आहे. एक गिगाबिट म्हणजे सेकंदास १२५ मेगाबाइट. परंतु फ्रेमांची शीर्षके व त्यांमधील अंतर वजा जाता प्रत्यक्ष सामग्री सुमारे ११८ मेगाबाइटच जाते. अडीच गिगाबिटला हा आकडा सुमारे २९६ वर जातो. आता ५०० गिगाबाइट सामग्रीची प्रत घ्यावयाची आहे आणि ती सेकंदास १८० मेगाबाइट देणाऱ्या हार्ड डिस्कवर आहे, असे समजू. एक गिगाबिटच्या जाळ्यावर हे काम सुमारे ७१ मिनिटांत होईल, अडीच गिगाबिटवर सुमारे ४६ मिनिटांत. आणि दहा गिगाबिटवरही ४६ मिनिटांतच, कारण तेथे अडसर जाळ्याचा नसून डिस्कचा आहे. दोन्ही टोकांस सेकंदास ५०० मेगाबाइट वेगाच्या सॉलिड-स्टेट डिस्का असतील, तर मात्र अडीच गिगाबिटवर २८ मिनिटे आणि दहा गिगाबिटवर सुमारे १७ मिनिटे असा फरक पडतो. उलटपक्षी, इंटरनेटची जोडणी १०० मेगाबिटची असेल, तर कोणताही स्विच ती अधिक वेगवान करू शकत नाही.

भार सर्व पोर्टांवर सारखा नसतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. तीन संगणक एकाच साठवण-यंत्राकडे सामग्री मागू लागले, तर त्या यंत्राच्या एकाच पोर्टावर तिघांचा भार पडतो. अशा घरात सर्वच पोर्ट दहा गिगाबिटचे घेण्यापेक्षा, बहुतेक पोर्ट एक वा अडीच गिगाबिटचे व साठवण-यंत्रासाठी एकदोन पोर्ट दहा गिगाबिटचे असलेला स्विच अधिक शहाणपणाचा ठरतो. तांब्याच्या केबलवर चालणारे दहा गिगाबिटचे पोर्ट वीज अधिक घेतात व तापतात. काही स्विचांत त्यासाठी पंखा असतो आणि त्याचा आवाज अभ्यासाच्या खोलीत त्रासदायक होतो.

केबलचा विचार खरेदीपूर्वीच करावा. २०१६ मध्ये प्रमाणित झालेला अडीच गिगाबिटचा वेग जुन्या 'कॅट ५ ई' केबलवर १०० मीटरपर्यंत मिळतो, म्हणून भिंतीतील तारा बदलाव्या लागत नाहीत. दहा गिगाबिटसाठी 'कॅट ६' सुमारे ५५ मीटरपर्यंत आणि 'कॅट ६ ए' १०० मीटरपर्यंत चालते. गिगाबिटला केबलमधील चारही जोड्या लागतात. एखादी तुटल्यास पुष्कळ यंत्रे मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरतात आणि दोष स्विचच्या माथी मारला जातो. आणखी एक सूक्ष्म भेद असा की, दहा गिगाबिटच्या काही जुन्या पोर्टांना मधले अडीच व पाच गिगाबिटचे वेग ठाऊक नसतात. त्यांस अडीच गिगाबिटचे यंत्र जोडल्यास जोडणी एकाच गिगाबिटवर होते.

सारांश, प्रथम डिस्कचा वेग मोजावा, नंतर प्रत्येक जोडणी कोणत्या वेगावर ठरली आहे हे पाहावे, मग केबल तपासावी आणि शेवटी स्विचकडे वळावे. पुष्कळदा ह्या तपासणीअंती नवा स्विच नव्हे, तर एक नवी केबल किंवा नवी डिस्क हवी होती असे आढळून येते. स्विच बदलणे खरोखरच आवश्यक ठरले, तरी ही मोजमापे वाया जात नाहीत. कोणत्या पोर्टास किती वेग हवा, हे त्यांवरूनच ठरते.